एका नावेत दोन तांडेल

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही म्हण ज्या कुणी केली, त्याने तलवारी पुष्कळ पाहिल्या असतील. गलबत मात्र पाहिले नसावे. निदान ज्या गलबतावर दोनच माणसे आहेत, ती दोघे नवराबायको आहेत आणि चहूकडे हजार हजार मैल पाण्यावाचून दुसरे काही नाही, असे गलबत तर त्याने खचितच पाहिले नसावे. तरीसुद्धा गेली कित्येक वर्षे ही म्हण माझ्या अंगावर फेकली जात आहे, आणि फेकणाऱ्यांचा नेम इतका अचूक आहे की आता उत्तर देणे भाग आहे.

आम्ही दोघे २००९ ते २०१६ अशी सात वर्षे एका ३४ फुटी शिडाच्या नावेवर राहिलो. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर लागोस म्हणून गाव आहे, तेथे ती जुनी नाव विकत घेतली. पुढे कॅनरी बेटे, केप व्हर्द, अटलांटिक ओलांडून बार्बाडोस, मग पनामाचा कालवा, पॅसिफिकमधली मार्केसास, ताहिती, टोंगा असे करीत करीत न्यूझीलंडला पोहोचलो, आणि तेथे नाव विकून विमानाने घरी आलो. यात जगावेगळे काही नाही. अटलांटिकवर जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम; तो सरता सरता दर वर्षी कितीतरी जोडपी त्याच वाऱ्याने त्याच वाटेने निघतात. जुन्या खलाशांचा सल्ला असा, की लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळा. आमच्याजवळ लोणी नव्हते, तुपाची बरणी होती. ती पातळ झाली तेव्हा आम्हीही वळलो.

परत आल्यावर मंडळांची, ग्रंथालयांची बोलावणी येऊ लागली. निमंत्रणपत्रिकेवर छापलेले असे, "सागरवीर श्री. अमुक, आणि सौ." वीर ते, मी 'आणि'. व्याख्यान झाले की प्रश्न. यांना विचारीत, वादळात काय केलेत? मला विचारीत, स्वयंपाकाचे काय केलेत? एके ठिकाणी मी म्हणाले की आमच्या नावेवर कप्तान दोन होते. लगेच पहिल्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. जहाजावर नोकरी केलेले असावेत. म्हणाले, "ताई, तुमचं कौतुक आहे, पण समुद्रावर कप्तान एकच असतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बायका जास्त होत्या.

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

इतर आक्षेपांना मी फारशी किंमत देत नाही. कुणी म्हणतात हा पळपुटेपणा आहे. असेल; पण ताशी पाच मैलांच्या वेगाने पळणाऱ्याला पळपुटा म्हणायचे तर सायकलवाल्याला काय म्हणावे? दुसरे म्हणतात हा जन्मभराचा मधुचंद्र. त्यांचा दोष नाही. त्यांनी ती चित्रे पाहिलेली असतात, ज्यांत नावेच्या टोकाला पाय सोडून एक तरुणी बसलेली असते आणि मागे निळे पाणी असते. सात वर्षांत, नाव चालू असताना, मी त्या टोकाला पाय सोडून एकदाही बसले नाही. तेथे जायचे ते रांगत, कंबरेचा दोर अडकवून, आणि बहुधा रात्री, कारण शीड फाटायचे ते रात्रीच फाटते.

मधुचंद्रवाल्यांच्या माहितीसाठी सांगते. लांबच्या प्रवासात नवराबायको एकत्र झोपतच नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की प्रत्येक नावेवर सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी पहारा हवा. माणसे दोन, तेव्हा एक जागे आणि एक झोपलेले. आमच्या पाळ्या रात्री तीन तीन तासांच्या. बिछाना एकच, तो कधी गार होत नसे. मी उठले की हे त्याच उबेत शिरायचे. ("हे" म्हटल्याबद्दल वाचकांनी हसू नये, सवय आहे.) पाळी बदलताना जो संवाद होई तोच आमचा दिवसाचा मुख्य संवाद: "डावीकडं एक जहाज दिसतंय, दूर आहे. वारा जरा वाढलाय. चहा थर्मासमध्ये आहे." संध्याकाळचे जेवण तेवढे एकत्र. भात, आमटी, आणि भाजी संपली की मोड आलेली मटकी. मोड काढण्याची ही आपली विद्या समुद्रावर सोन्यासारखी आहे. दहाव्या दिवशी जेव्हा शेजारच्या नावांवर डबेच उरतात, तेव्हा आमच्या फडक्यात ताजी हिरवी उसळ फुगलेली असे. भाताला एक वाटी समुद्राचे पाणी आणि दोन वाट्या गोडे, म्हणजे मीठही नको आणि पाण्याचीही बचत. अंडी रोज उलटी करून ठेवायची, म्हणजे लवकर नासत नाहीत. असो. स्वयंपाकाचे काय केलेत त्याचे उत्तर झाले.

आणि भांडण? भांडतो की. पण रुसून जायला माहेर नाही आणि आपटायला दार नाही. राहण्याची जागा एखाद्या चाळीतल्या खोलीएवढी, तीही सारखी डुलणारी. भांडणाची विषयसूची मी ठेवली असती तर तिच्यात पहिला क्रमांक नांगर टाकण्याला लागला असता.

ज्याला नवराबायकोचे नाते अभ्यासायचे असेल त्याने कुठल्याही बेटाच्या खाडीत संध्याकाळी पाच वाजता जाऊन बसावे. नावा आत येऊ लागतात. नवरा सुकाणूवर उभा. बायको पुढे टोकाला, हातात साखळी. साखळी जड, नांगर पंधरावीस किलोंचा, आणि ओढायची वेळ आली की ओढणार ती. सुकाणू दोन बोटांनी फिरते. तरी ते त्याच्याकडे, का तर कप्तान तो! अधिक ताकदीचा माणूस चाक धरून उभा आणि कमी ताकदीचा लोखंड ओढतो आहे, ही वाटणी कुठल्या शास्त्रात बसते? मग सुरू होते आरडाओरड. वारा त्याचा शब्द मागे नेतो, तिचा शब्दही त्याच्यामागे नेतो, आणि सगळ्या खाडीला फुकट नाटक. यावर उपाय म्हणून कानाला लावून बोलायची यंत्रे मिळतात. त्यांना खलाशी लोक थट्टेने संसार वाचवणारी यंत्रे म्हणतात. आम्ही यंत्र घेतले नाही. सुकाणू मी घेतले आणि नांगर यांना दिला, पाच खुणा ठरवल्या, आवाज बंद. फक्त कधी मधी मी "अहो!" म्हणून हाक मारी. शेजारच्या नावांवरची मंडळी हात हलवून तसेच उत्तर देत, कारण दुसऱ्या नावेला हाक मारण्याचा इंग्रज खलाशांचा शब्द जवळजवळ तोच आहे. मराठी बायकोइतकी जन्मजात दर्यावर्दी कोणी नसेल!

तर या कप्तानशाहीचे मूळ कुठे आहे ते पाहू. जहाजावर तीस-चाळीस माणसे असतात. त्यांची ओळख नसते, भाषा वेगळ्या, कामे वेगळी. तेथे शेवटचा शब्द एकाचा हवा हे मला मान्य आहे. त्या गृहस्थांच्या जहाजावर तो नियम बरोबरच होता. पण त्या जहाजावर कप्तान आजारी पडला तर त्याच्या खाली पहिला अधिकारी असतो, दुसरा असतो, तिसरा असतो. प्रत्येकाला जहाज चालवता येते. हा अर्धा नियम घरगुती कप्तान सोयीस्करपणे विसरतात. ते हुकूम तेवढा जहाजाचा उचलतात आणि खालच्या अधिकाऱ्याच्या जागी ठेवतात अशी बायको, की जिला शीड उतरवता येत नाही.

हिशेब साधा आहे. नाव पाच नॉट वेगाने चालली आहे. नवरा तोल जाऊन पाण्यात पडला. एका मिनिटात नाव दीडशे मीटर पुढे गेली. तिसऱ्या मिनिटाला जवळजवळ अर्धा किलोमीटर. पाण्यावर दिसते ते फक्त डोके, म्हणजे एक नारळ. आणि लाटा पुरुषभर उंचीच्या. ज्या बाईला सात वर्षे "तू पुढचा दोर धर" एवढेच सांगितले गेले आहे, तिला आता एकटीने नाव वाऱ्याच्या तोंडावर वळवायची आहे, शिडे आवरायची आहेत, नजर नारळावरून काढायची नाही, इंजिन सुरू करताना दोर पंख्यात गुंतू द्यायचा नाही, आणि त्याच्याजवळ पोहोचल्यावर ऐंशी किलोंचा ओला माणूस वर घ्यायचा आहे. हे तिला येत नसेल तर तो मेला. आणि मग तीही, मध्य अटलांटिकवर, चालवता न येणाऱ्या नावेत. म्हणजे त्या एका म्यानाने दोन्ही तलवारी बुडवल्या.

लागोसच्या धक्क्यावर आमच्या शेजारी एक वृद्ध इंग्रज विधवा एकटीच तिच्या नावेवर राहत असे. तिने आम्हांला पहिल्याच आठवड्यात विचारले, तुमच्यापैकी एकजण नसला तर दुसरा घरी पोहोचेल का? हे म्हणाले, "मी पोहोचेन." ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर त्या किनाऱ्यावर चार महिने आम्ही दुसरे काही केले नाही. मी सुकाणू, शिडे, इंजिनाचे तेल, नकाशा, रेडिओ शिकले; आणि यांना मी वरणभात, पिठले, उप्पीट शिकवले, तेही झुलत्या शेगडीवर. हे दुसरे कलम कुणी विसरू नये. समुद्र लागून बायको तीन दिवस आडवी झाली आणि नवरा बिस्किटांवर राहिला, तर चौथ्या दिवशी त्याचे हात कापतात. आणि कापणाऱ्या हातांचा कप्तान काय कामाचा? नावांच्या जगात कामांची वाटणी रंगांनी करतात, गुलाबी कामे बायकांची आणि निळी पुरुषांची. समुद्राला मात्र रंग ओळखू येत नाही.

आता इतिहास. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम, १८९५ ते १८९८, 'स्प्रे' नावाच्या छत्तीस-सदतीस फुटी नावेवर. एकांडा शिलेदार म्हणून सगळे त्याचे गोडवे गातात. पण त्याआधीची पंचवीस वर्षे? १८७१ साली सिडनीला त्याने व्हर्जिनिया वॉकरशी लग्न केले. ती तेरा वर्षे त्याच्याबरोबर जहाजांवर राहिली, सात मुलांना जन्म दिला, मुलांना जहाजावरच शिकवले, आणि १८८४ मध्ये ब्वेनोस आयरेसजवळ जहाजावरच गेली. दुसरी बायको हेटी. ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाज फुटले तेव्हा स्लोकमने ३५ फुटी होडी बांधली आणि तिची शिडे हेटीने शिवली. १३ मे १८८८, ज्या दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली, त्याच दिवशी ती होडी पाण्यात पडली म्हणून तिचे नाव 'लिबर्दादे', म्हणजे स्वातंत्र्य. त्या होडीतून दोघे आणि दोन मुलगे अमेरिकेला पोहोचले. त्यानंतर हेटी पुन्हा त्याच्याबरोबर दूरच्या सफरीला गेली नाही. स्लोकम एकटा निघाला तो दोन बायकांच्या मागून; पण पुतळा एकट्याचाच करायची आपली रीत.

दुसरे उदाहरण मला फार आवडते. माइल्स आणि बेरिल स्मीटन. माइल्स हिंदी लष्करातला निवृत्त ब्रिगेडियर, म्हणजे हुकूम देणे हा ज्याचा जन्माचा धंदा. बेरिल ही अशी, की १९३९ साली ती नवऱ्याबरोबर आणि तेनझिंग नोर्गेबरोबर तिरिच मीर शिखरावर चढाईला गेली होती. त्यांची नाव 'त्झू हांग', ४६ फुटी. फेब्रुवारी १९५७ मध्ये ती दोघे, जॉन गझवेल हा मित्र आणि एक सयामी मांजर केप हॉर्नच्या दिशेने चालली होती. सुकाणूवर पाळी बेरिलची. मागून आलेल्या एका प्रचंड लाटेने नाव नाकावर उभी करून उलटी केली. दोन्ही डोलकाठ्या गेल्या, केबिनवरचे छप्पर गेले, बेरिल पाण्यात फेकली गेली. जखमी अंगाने ती पोहत मोडक्या डोलकाठीपर्यंत आली. तिला वर घेतले, आणि वर येताच ती बादल्या घेऊन पाणी उपसायला बसली. नाव गळ्यापर्यंत भरलेली होती. तिघांनी मिळून ती चिलीच्या किनाऱ्याला नेली. मांजरसुद्धा वाचले. मग दुरुस्ती करून डिसेंबरमध्ये नवराबायको दोघेच पुन्हा निघाले आणि पुन्हा उलटले, आणि पुन्हा परत आले. अखेर १९६८ मध्ये त्यांनी हॉर्नला वळसा घातलाच. आता मला त्या गृहस्थांनी सांगावे, १९५७ च्या त्या क्षणी 'त्झू हांग'वर कप्तान कोण होते? ज्याच्या नावावर नाव होती तो, की जिच्या हातात सुकाणू होते ती?

एरिक आणि सुझन हिस्कॉक हे इंग्रज जोडपे १९५२ ते १९५५ या काळात 'वाँडरर तिसरी' या अवघ्या तीस फुटी नावेवर पृथ्वी फिरून आले, आणि काही वर्षांनी त्याच नावेवर पुन्हा एकदा. एरिकची दृष्टी फार अधू होती. पुस्तके त्याने लिहिली, म्हणून नाव त्याचे झाले. पण अंधाऱ्या रात्री अनोळखी किनारा जवळ येत असताना चांगले डोळे कुणाचे होते ते वाचकांनीच ओळखावे. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने इंजिनाशिवाय, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या दोन लहान नावांवर, आयुष्य घालवले. लिन उंचीने पाच फुटांनाही कमी. तिच्या हाताला झेपेल अशी प्रत्येक दोरी आणि प्रत्येक शीड असले पाहिजे हे त्यांनी नाव बांधतानाच पाहिले. पुढे लॅरीला कंपवाताने गाठले. तो २०२० मध्ये वारला. लिन मात्र समुद्र सोडून बसली नाही.

आणि बेली दांपत्याची हकीकत तर सर्वांना ठाऊक असायला हवी. ४ मार्च १९७३, पनामाहून गलापागोसकडे जाताना देवमाशाच्या धडकेने मॉरिस आणि मॅरलिन बेली यांची 'ऑरलिन' बुडाली. रबराचा एक तराफा आणि एक छोटी रबरी होडी. बोलायचा रेडिओ नाही. ११७ दिवस ती दोघे पॅसिफिकवर वाहत राहिली. पावसाचे पाणी, कासवे, पक्षी, आणि टाचणीच्या गळाने धरलेले मासे. जहाजे जवळून जात होती आणि थांबत नव्हती. नावेवर कप्तान मॉरिस होता. तराफ्यावर त्याची उमेद संपली, आणि सूत्रे मॅरलिनने घेतली, जिला पोहताही येत नव्हते. तिने मासे धरले, कागदाचे पत्ते करून खेळ मांडला, आणि पुढची नाव कशी बांधायची याचे नकाशे काढून घेतले. कोरियाच्या एका मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. त्यांनी पुढे दुसरी नाव बांधलीही. हे सगळे बायकांचे कौतुक म्हणून सांगत नाही. एवढेच सांगते की कप्तानपण ही टोपी आहे. ती वाऱ्याने उडते, तेव्हा दुसरे डोके तयार हवे.

आमची हकीकत त्या मानाने अगदी मुतखड्याएवढी. खरोखर मुतखड्याचीच आहे. केप व्हर्दहून बार्बाडोसला सुमारे दोन हजार सागरी मैल; आम्हांला सतरा दिवस लागले. सहाव्या दिवशी पहाटे यांच्या पाठीत कळ आली आणि दुपारपर्यंत माणूस गुडघे पोटाशी घेऊन पडला. औषधाच्या पेटीत गोळ्या होत्या, इंजेक्शने होती. तीही द्यायला मी शिकले होते. पुढचे नऊ दिवस हे कधी जरा बरे, कधी आडवे. परत फिरावे तर वारा आणि प्रवाह उलटे. मी शीड निम्म्याने आखडले, वाऱ्यावर चालणारे सुकाणूचे यंत्र लावून दिले, आणि स्वयंपाकाचे घड्याळ गळ्यात अडकवून वीस वीस मिनिटे झोपू लागले. वीसच का? तर क्षितिजावर दिसू लागलेले वेगवान मालवाहू जहाज आपल्यापर्यंत यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. वीस मिनिटे झोप, उठून चहूकडे नजर, पुन्हा वीस मिनिटे. आठव्या दिवसापासून मला डोलकाठीपाशी माझी आजी उभी दिसू लागली. ती काही बोलत नव्हती, म्हणून मी काळजी केली नाही.

त्या नऊ दिवसांत यांनी एकही हुकूम सोडला नाही. विचारले तर सांगत, नाहीतर गप्प. दुखण्याने गप्प होते असे कुणी म्हणेल. नाही; दुखण्यात माणूस जास्त बोलतो. त्यांना ठाऊक होते की वर पाळी माझी आहे. मंडळांच्या व्यासपीठांवर हाच माणूस 'सागरवीर' म्हणून हार घालून घेतो तेव्हा मला राग येतो तो त्याच्या वीरपणाबद्दल नव्हे, हारवाल्यांना ती गप्प राहण्याची वीरश्री दिसत नाही याबद्दल.

"मग वादळात काय सभा भरवायची? ठराव मांडायचा, अनुमोदन द्यायचं?" असेही मला विचारून झाले आहे. सभा नको. आमचे दोनच नियम होते. पहिला, ज्याची पाळी त्याचा हुकूम. दुसऱ्याने निमूट ऐकायचे, आणि टीका पुढल्या बंदरात चहा घेताना करायची. दुसरा, शीड आखडायचे की नाही यावर मतभेद झाला तर भिणाऱ्याचे मत चालेल. शीड वाढवायला दोघांची संमती हवी, कमी करायला एकाची पुरे. या दुसऱ्या नियमाने आमची एक डोलकाठी तरी नक्की वाचवली. हे नियम आमच्या डोक्यातून आलेले नाहीत. दोघांनीच फिरणाऱ्या कितीतरी जोडप्यांत हाच रिवाज आहे. एकट्या कप्तानाच्या नावेवर भिणाऱ्याला भित्रा म्हणतात आणि शीड फाटल्यावर दोर मात्र त्याच्याच हाती देतात.

बंदरातल्या कागदांवर कप्तानाचे नाव एकच लिहावे लागते, हे खरे. आम्ही एका बंदरात यांचे, पुढच्या बंदरात माझे, असे लिहीत असू. एका बेटावरचा अधिकारी माझा कागद पाहून माझ्या खांद्यावरून मागे डोकावू लागला. मी म्हटले, "कप्तान इथंच आहे, तुम्ही ज्यांना शोधताय ते खलाशी आहेत आणि कांदे आणायला गेलेत."

आणि ज्यांना लष्करी शिस्तीचे फार प्रेम आहे त्यांनी आपल्या नौदलाकडेच पाहावे. 'तारिणी' ही ५६ फुटी शिडाची नाव, आपल्या शेजारी गोव्यात बांधलेली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या दोघी तिच्यावरून गोव्याहून निघाल्या आणि केप हॉर्नला वळसा घालून, पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल तोडून, २९ मे २०२५ रोजी गोव्यालाच परत आल्या. दोघीच. हुद्दा एकच. एक झोपली की सगळी नाव दुसरीच्या हाती. नौदलाला हे चालते, आणि आमच्या पहिल्या रांगेला चालत नाही!

आता टाळ्या वाजवणाऱ्या बायकांकडे वळते, कारण त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. "मला बाई त्यातलं काही कळत नाही" हे वाक्य मी लागोसपासून टोंगापर्यंत चार भाषांत ऐकले. ते बोलताना चेहऱ्यावर जो गोडवा येतो तो मला सहन होत नाही. कळत नाही कसे? पाच माणसांचे वेळापत्रक, दुधाचा हिशेब, गॅसचे सिलिंडर किती दिवस पुरेल याचा अंदाज, कुणाचा मूड कधी फिरणार याची चाहूल, हे जिला येते तिला वाऱ्याची दिशा कळणार नाही? न कळण्यात सोय आहे, हे खरे कारण. नाव खडकावर गेली तर दोष त्याचा. ही सोय फार महाग पडते. मार्केसासच्या एका खाडीत एक नाव सहा महिने नांगरून पडलेली मी पाहिली. नवरा छातीच्या दुखण्याने विमानाने देशी गेला होता, बायको नावेवर. नाव तिची, घर तिचे, आणि ते एक खाडीभरसुद्धा हलवता येत नाही म्हणून रोज सकाळी येणाऱ्या जाणाऱ्या पुरुषांच्या तोंडाकडे बघत बसलेली. स्वयंपाक उत्तम करीत असे. तिच्या हातची माशाची कढी मी अजून विसरलेले नाही, आणि तिचे ते बघणेही.

तेव्हा ज्या कुणा तरुण जोडप्याच्या मनात असे काही असेल, आणि आजकाल अशी पत्रे मला येतात, त्यांना माझे सांगणे एकच. नाव कुठली घ्यावी, किती फुटी, शिडे कुठल्या कापडाची, हे मागाहून. आधी किनाऱ्याजवळ, बरा वारा असलेल्या दिवशी, एक न सोललेला नारळ बरोबर घेऊन बाहेर पडा. मध्येच एकाने "माणूस पडला" म्हणून ओरडून तो पाण्यात टाकायचा आणि खाली जाऊन गप्प बसायचे. तोंडातून अवाक्षर काढायचे नाही, हे सगळ्यात अवघड. दुसऱ्याने एकट्याने तो नारळ परत वर घ्यायचा. पाच वेळा त्याने, पाच वेळा तिने. दहाच्या दहा जमेपर्यंत बंदर सोडायचे नाही. आम्हांला त्यासाठी अकरा दिवस लागले. यांचे तीन नारळ हरवले आणि माझे दोन. सहावा मात्र आम्ही कॅनरी बेटांपर्यंत नेला, आणि त्या वर्षीच्या दिवाळीला तेथे नांगरून त्याच्या वड्या केल्या. थोड्या खारट झाल्या होत्या.